आवकेच्या आकड्यांतून मागणी निघत नाही

कांद्याचा भाव पडला तरी शेतकऱ्याचं फार बिघडत नाही, स्वस्त झालेला माल जास्त खपतो आणि गोळाबेरीज जवळपास तेवढीच राहते, असं सांगणारे लोक पूर्वी नुसते बोलायचे. आता ते आलेख दाखवतात. आडव्या अक्षावर भाव, उभ्या अक्षावर ‘मागणी’, ठिपक्यांच्या मधून उतरत गेलेली एक सरळ रेषा आणि कोपऱ्यात तिचं समीकरण. पडद्यावर ते दिसलं की बैठकीला आलेला शेतकरी गप्प होतो. त्याच्या घरचा अनुभव उलटा असतो, पण समीकरणाशी वाद कसा घालायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तो वाद त्याच्या वतीने कोणीतरी घालायला हवा.

मी सणसवाडीत राहतो. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि लिनिअर रिग्रेशन हे तंत्र मला मनापासून आवडतं. ठिपक्यांच्या गर्दीतून कमीत कमी चुकणारी रेषा काढायची, इतकी साधी कल्पना आणि तिच्यातून निघणारं इतकं काम, असं गणितात फार थोडं आहे. म्हणूनच शिरूर-दौंडच्या कांदा उत्पादकाला गप्प करण्यासाठी तिचा वापर होताना पाहवत नाही.

दावा आधी नीट मांडतो, म्हणजे त्यावर अन्याय व्हायला नको. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव प्रसिद्ध करतं. बाजार समिती, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, असा तो तक्ता असतो. दावेदार एखाद्या बाजाराचे वर्ष-दोन वर्षांचे आकडे उतरवून घेतात, आवक आणि सर्वसाधारण दर या दोन्हींचे लॉगरिदम घेतात आणि रेषा बसवतात. उतार, म्हणजेच लवचिकता, एकाहून मोठी निघते. समजा दीड निघाली. मग ते म्हणतात, भाव १० टक्के उतरला तर मागणी १५ टक्के वाढते, म्हणजे मागणी लवचिक आहे, म्हणजे भाव उतरवणाऱ्या धोरणाने शेतकऱ्याचं उत्पन्न घटत नाही. निर्यातबंदी असो की निर्यातशुल्क, ओरड करण्याचं कारण नाही.

यातल्या आकडेमोडीत चूक नाही. संगणकाने काढलेला उतार बरोबरच आहे. प्रश्न असा की तो उतार कशाचा आहे?

त्या तक्त्यात मागणी नावाचा रकानाच नाही. आवक आहे. दिवसभरात आलेला माल लिलावात बहुतेक सगळा जातो, म्हणून आलेला माल तेवढा विकला गेला असं धरता येतं, आणि मग विकलं गेलं तेवढी मागणी होती असंही म्हणून टाकता येतं. पण विकला गेलेला माल हा घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या अशा दोघांच्या निर्णयाचा निकाल असतो. आलेखावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवशी मागणीची रेषा आणि पुरवठ्याची रेषा जिथे एकमेकींना छेदून गेल्या ती जागा. दुसऱ्या दिवशी दोन्ही रेषा हललेल्या असतात. असे ३०० ठिपके जोडून जी रेषा मिळेल ती मागणीची असेल, पुरवठ्याची असेल किंवा दोन्हींची खिचडी असेल. एल्मर वर्किंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२७ साली एका छोट्याशा लेखात नेमका हाच प्रश्न विचारला होता, की आकड्यांतून काढलेल्या ‘मागणी-रेषा’ दाखवतात तरी काय? त्याचं उत्तर असं होतं की पुरवठा भरपूर हलत असेल आणि मागणी जागेवर असेल तरच ठिपके मागणीची रेषा उमटवतात. उलट असेल तर पुरवठ्याची.

आता हे आपल्या कांद्याला लावून बघा. एप्रिल-मेमध्ये निघणारा गरवा कांदा शेतकरी चाळीत ठेवतो. आंबेगाव-शिरूरकडे तिलाच बराखी म्हणतात. तिथून पुढे दिवाळीच्या सुमारापर्यंत तो कांदा केव्हा बाहेर काढायचा हे शेतकरी ठरवतो, आणि ते ठरवताना सकाळी आधी मोबाईलवर चाकण, मंचर, लासलगावचा आदल्या दिवसाचा भाव बघतो. भाव चढला की बराखी उघडते, पिशव्या भरल्या जातात, टेम्पो सांगितला जातो. भाव पडला की तो थांबतो, वजन घटत असलं, तळाचा कांदा सडत असला तरी थांबतो. म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बाजारात आलेला प्रत्येक ट्रक हा भावाला दिलेला शेतकऱ्याचा प्रतिसाद आहे. त्या महिन्यांच्या आकड्यांवर रेषा बसवून तिला खाणाऱ्याची मागणी म्हणणं म्हणजे देणाऱ्याचं वागणं घेणाऱ्याच्या नावावर खपवणं.

खरिपाच्या हळव्या कांद्याची गोष्ट वेगळी. तो टिकत नाही. काढला की थोड्या दिवसांत विकावाच लागतो. त्या हंगामात किती माल येणार हे लागवड आणि पाऊस यांनी आधीच ठरवलेलं असतं, त्या दिवशीच्या भावाने नव्हे. तेव्हा हळव्या कांद्याच्या दिवसांतले ठिपके मागणीच्या रेषेच्या पुष्कळ जवळ जातात. दावेदारांनी निदान दोन हंगाम वेगळे केले असते तर त्यांना स्वतःलाच शंका आली असती. बारा महिन्यांचे आकडे एकाच पोत्यात घातल्यावर ती शंका यायला जागाच उरत नाही.

बरं, हळव्याच्या हंगामातही एक अडचण आहे, आणि माझ्या मते त्यांच्या दीडच्या आकड्याचं खरं मूळ तिथे आहे. शिरूरच्या आवारात कांदा घेणारा व्यापारी तो घरी खायला घेत नाही. त्याच्यापुढे चाकण आहे, दौंड बाजार समितीचं केडगाव आहे, मंचर, आळेफाटा आहे, नदी ओलांडली की पारनेर-नगर आहे. शिरूरला दहा किलोमागे १० रुपये जास्त पडायला लागले तर तो गाडी दुसऱ्या आवारात पाठवतो. त्यामुळे एका बाजार समितीपुरती पाहिली तर खरेदी भावाला फारच संवेदनशील दिसणार. व्यापारी आवार बदलतो म्हणून ती तशी दिसते. लोक रातोरात जास्त कांदा खायला लागत नाहीत. सगळ्या आवारांत एकदम भाव उतरला तर कोणता व्यापारी कुठून कुठे जाणार? आणि निर्यातबंदीने भाव उतरतो तो एकदम सगळीकडेच. एका आवाराची लवचिकता घेऊन देशाच्या धोरणाचं समर्थन करणं ही चूक लहान नाही, उत्तर पाचपटींनी फिरवणारी आहे. ते गणित पुढे देतो.

त्याआधी आमच्या गावातलं एक उदाहरण, कारण खाणाऱ्याची मागणी बघायची तर ती आवारात दिसत नाही, हातगाडीवर दिसते. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मधलं हे गाव आता कारखान्यांचं आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली मुलं चाळवजा खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहतात आणि पाळी सुटली की परतताना भाजी घेतात. १९३६ च्या वेतन कायद्याने १००० पेक्षा कमी कामगार असतील तिथे ७ तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात १० तारखेपर्यंत पगार देण्याची मुदत घालून दिली होती. त्यामुळे इथल्या बाजाराला महिन्याच्या पंचांगापेक्षा पगाराचं पंचांग जास्त कळतं. पगाराच्या आठवड्यात गाडीपुढे गर्दी असते, भाजीवाला किलोमागे चार पैसे चढे लावतो आणि तरी माल संपतो. पंचवीस तारखेनंतर तोच माणूस अर्ध्या किलोऐवजी पावशेर मागतो.

समजा अशा एका गाडीवरचे चार दिवसांचे आकडे घेतले. पगाराच्या आठवड्यातले दोन दिवस, एकदा भाव ४० रुपये आणि विक्री ६० किलो, एकदा भाव ४४ आणि विक्री ५६. महिनाअखेरचे दोन दिवस, एकदा भाव ३० आणि विक्री ४४, एकदा भाव ३४ आणि विक्री ४०. आकडे सोपे घेतले आहेत, वाचकाने कागदावर करून पाहावेत म्हणून. भावाची सरासरी ३७, विक्रीची ५०. सरासरीपासूनच्या फरकांचे गुणाकार करून बेरीज घेतली तर १४४ येते, भावाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ११६. भागाकार १.२४. म्हणजे रिग्रेशन सांगतं की भाव १ रुपयाने वाढवला तर विक्री सव्वा किलोने वाढते! आणि आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा ठिपक्यांशी किती जुळते त्याचं माप, येतो ०.६६, जो अशा अहवालांत ‘चांगला’ म्हणून मिरवला जातो.

आता पगाराचा आठवडा आणि उरलेले दिवस वेगळे करून बघा. ४० चे ४४ झाले तेव्हा ६० ची ५६ झाली. ३० चे ३४ झाले तेव्हा ४४ ची ४० झाली. दोन्ही वेळा भाव १ रुपयाने चढला की विक्री १ किलोने घटली. खरा उतार उणे १. पगाराचा आठवडा आहे की नाही, एवढा एक रकाना समीकरणात घातला की तेच रिग्रेशन, तोच संगणक, उणे १ हे उत्तर देतो. तंत्राचा दोष नव्हता. ज्याने गाडीवर उभं राहून बघितलं नाही त्याला तो रकाना सुचलाच नाही.

ही चूक नवी नाही आणि अडाण्यांनीच केली असंही नाही. अमेरिकेत हेन्री मूर हा या विषयातला अग्रणी माणूस. १९१४ साली ‘इकॉनॉमिक सायकल्स’ या पुस्तकात त्याने मका, गवत, बटाटा यांच्या मागणीच्या रेषा काढल्या आणि त्या उतरत्या आल्या. कच्च्या लोखंडाची काढली तर ती चढती आली, आणि त्याने तो मागणीचा नवा नियम म्हणून मांडला. शेतमालात पाऊस पुरवठा हलवत होता, म्हणून मागणीची रेषा उमटली. लोखंडात तेजी-मंदी मागणीलाच हलवत होती, म्हणून पुरवठ्याची उमटली. सणसवाडीच्या गाडीवर जे पगाराचा आठवडा करतो तेच तिथे तेजीचं वर्ष करत होतं. पुढच्याच वर्षी फिलिप राइट याने या पुस्तकाच्या परीक्षणात ही गल्लत दाखवून दिली.

याच राइटने १९२८ मध्ये उपायही दिला, आणि तो कुठे दिला हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. त्याचं पुस्तक प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या आयातकराबद्दल होतं. कर लावला तर भाव किती हलेल, खप किती हलेल, हा प्रश्न होता. आपल्या निर्यातशुल्काचा प्रश्न त्याचाच भाऊ. राइटने पुस्तकाच्या एका परिशिष्टात सांगितलं की मागणीची रेषा हवी असेल तर अशी गोष्ट शोधा जी पुरवठ्याला हलवते पण मागणीला शिवत नाही, आणि भावातला जेवढा बदल त्या गोष्टीमुळे झाला तेवढाच हिशेबात धरा. जवसाच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे एकरी उत्पन्न. पुढे कॅथरिन ग्रॅडी यांनी न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारात हेच केलं. समुद्रात वादळ असलं की मासे कमी येतात, पण शहरात मासे खाणाऱ्याची भूक वादळाने बदलत नाही. वादळाच्या दिवसांनी हललेले भाव वेगळे काढले तेव्हा मागणी साध्या रेषेने सांगितली त्यापेक्षा वेगळीच निघाली.

आपल्याकडे वादळाचं काम अवकाळी पाऊस आणि गारपीट करतात. पण ते हातचं उत्तर समजू नये. ओला कांदा आला की त्याची प्रतही उतरते, आणि त्याच पावसाने कोथिंबीर-मेथीही महाग होते, म्हणजे मागणीलाही थोडा धक्का लागतो. दुसरी दिशा मला जास्त आशेची वाटते, ती म्हणजे चातुर्मास. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून घरातला कांदा संपवणारी आणि पुढचे चार महिने, निदान श्रावणभर तरी, कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं महाराष्ट्रात आजही आहेत. इथे मागणी हलते आणि शेतातलं पीक तसंच असतं. शिवाय अधिक महिना आला की सण इंग्रजी तारखांच्या तुलनेत पुढे सरकतात, गरव्याचा हंगाम मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे पुरवठ्याचा उतार मोजायला पंचांगानेच सोय करून ठेवली आहे. कोणी संशोधक याचा धागा पकडेल तर मला आनंद होईल.

२०२३ हे वर्ष त्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी अधिक श्रावण होता. निज श्रावण सुरू झाला १७ ऑगस्टला, आणि १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले, म्हणजे काही दिवस आवकेचा रकाना शून्य. त्याच सुमारास सरकारने साठ्यातला कांदा शहरांत २५ रुपये किलोने विकायला काढला. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. ७ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ च्या सुरुवातीला उठली, तीही ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि तेही १ एप्रिल २०२५ ला गेलं. या काळातला प्रत्येक ठिपका वेगळ्या बाजाराचा आहे. कुठे परदेशी गिऱ्हाईक आहे, कुठे नाही, कुठे सरकारच दुकानदार आहे. या सगळ्यांतून एक सरळ रेषा ओढून ‘भाव कमी तर मागणी जास्त’ असं वाचणाऱ्याला माझा साधा प्रश्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भाव कोसळला तेव्हा मागणी वाढली होती की एक अख्खं गिऱ्हाईक दारातून हाकलून दिलं होतं?

आता ते गणित. २०२२-२३ मध्ये देशाचं कांदा उत्पादन ३०० लाख टनांच्या आसपास होतं आणि निर्यात सुमारे २५ लाख टन. चाळीतली नासाडी बाजूला ठेवू, हिशेब ढोबळच आहे. निर्यात बंद केली तर ते २५ लाख टन देशातच खपवावे लागतात, म्हणजे २७५ चे ३००, जवळपास ९ टक्के जास्त. दावेदारांची दीडची लवचिकता खरी मानली तर त्यासाठी भाव ६ टक्के उतरणं पुरे. पण खाणाऱ्याची लवचिकता समजा ०.३ असेल, म्हणजे भाव १० टक्के उतरल्यावर घरोघर ३ टक्केच जास्त कांदा खपत असेल, तर तेच ९ टक्के खपवायला भाव ३० टक्के उतरावा लागतो. एकूण माल तेवढाच, ३०० लाख टन, भाव मात्र ३० टक्के कमी, म्हणून शेतकऱ्याच्या हातात येणारे पैसेही ३० टक्के कमी. खत, मजुरी, वाहतूक, पिशवी, सुतळी, काहीही ३० टक्क्यांनी कमी झालेलं नसतं. एका बाजूला ६ टक्के आणि दुसऱ्या बाजूला ३० टक्के. एवढा सगळा फरक एका उताराच्या अर्थावर अवलंबून आहे, आणि तो उतार या मंडळींनी आवकेच्या तक्त्यातून उचललेला आहे.

०.३ हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे. पण खाण्याच्या मागणीची लवचिकता एकाहून बरीच कमी असणार हे कोणत्याही स्वयंपाकघरात दिसतं. कांदा निम्म्या भावाने मिळाला म्हणून कोणी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. आणि डिसेंबर २०१९ मध्ये अनेक शहरांत तो किलोला १०० रुपयांच्या वर गेला तेव्हाही फोडणीतून तो हद्दपार झाला नव्हता, पावशेराने का होईना घेतला जात होता. उलट, माझ्या हातगाडीच्या उदाहरणातली महिनाअखेरची रेषा घेतली, तर विक्री म्हणजे ७४ वजा भाव. ८० रुपये भावाला ती उणे ६ किलो विक्री सांगते. सरळ रेषा तिच्या ठिपक्यांच्या आसपासच खरी असते. ३० ते ४४ रुपयांत मोजलेला उतार १०० रुपयांच्या दिवसाला लावता येत नाही, आणि ८ रुपयांच्या दिवसालाही नाही, जेव्हा शेतकरी कांदा शेतातच नांगरून टाकतो.

आलेख दाखवणारे यावर म्हणतील की मग तुमच्याकडे दुसरं काय आहे? आहे, आणि ते महाराष्ट्राचंच आहे. १९८३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी काय खाल्लं, किती घेतलं, किती पैसे दिले याची नोंद झाली होती. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन यांनी त्यातल्या ५६३ गावांतल्या ५,६३० कुटुंबांच्या आकड्यांवर काम केलं. तो शोधनिबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. डीटन यांना पुढे २०१५ मध्ये नोबेल मिळालं. किरीट पारीख यांच्यासोबत याच दोघांनी महाराष्ट्रातल्या अन्नाची मागणी भावानुसार कशी बदलते तेही १९९४ मध्ये मांडलं होतं. त्यांच्या पद्धतीतली खुबी समजून घेण्यासारखी आहे. खर्चाला वजनाने भागलं की किलोचा दर मिळतो, पण तो भाव नसतो, कारण पैसेवाला चांगल्या प्रतीचा माल घेतो. म्हणून त्यांनी धरून चाललं की एका गावात एका वेळी सगळ्यांना भाव एकच लागतो. गावातल्या घराघरांत दिसणारा दराचा फरक हा प्रतीचा आणि नोंदीतल्या चुकांचा. भावाचा परिणाम बघायचा तो गावागावांतल्या फरकातून, आणि तोही प्रतीचा हिशेब वजा करून. यातही रिग्रेशनच आहे. पण रेषा ओढण्याआधी प्रत्येक ठिपका कुठून आला याचा विचार आहे.

कांद्याला हे जसंच्या तसं लागू पडतं. आपल्याकडे आवारात गोळा, मध्यम, गोल्टी, चिंगळी, बदला अशा प्रतींचे वेगवेगळे भाव निघतात, आणि एकाच दिवशी गोळ्याचा भाव बदल्याच्या कितीतरी पट असतो. एखाद्या दिवशी बदला जास्त आला की ‘सर्वसाधारण दर’ खाली येतो, कोणाचीही मागणी न हलता. तो दर रिग्रेशनमध्ये घालून काढलेला उतार भावाचा किती आणि प्रतवारीचा किती, हे तक्ता बघून कोणालाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं जमत नाही. आमच्या भागातल्या काही शेतकरी कार्यकर्त्यांचं म्हणणं असतं की आकडेशास्त्र ही शहरातल्या लोकांची हत्यारं, आपल्याला त्यांची गरज नाही, आपला अनुभव पुरे. अनुभव पुरत नाही. आपल्या बराखीपुरता अनुभव खरा असतो, पण दिल्लीत फाईल हलते ती टक्केवारीवर. ३० टक्के नुकसान झालं हे सांगायचं तर ते मोजावं लागेल, आणि मोजायचं तर रेषा ओढावीच लागेल. समोरच्याने चुकीची रेषा ओढली म्हणून आपण रेषाच सोडून दिली तर बैठकीत त्याचीच रेषा उरते. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, पुण्यात १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, तिथेच कृषी महाविद्यालय आहे. हे काम करू शकणारी माणसं आपल्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर बसतात. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जाण्याऐवजी आपण दुसऱ्याने आणलेल्या उत्तराला शिव्या देत बसतो, आणि याचा मला खरोखर त्रास होतो.

पुढच्या बैठकीत कोणी पडद्यावर उतरती रेषा दाखवली तर शेतकऱ्याने गणितात शिरण्याची गरज नाही. तीन गोष्टी विचाराव्यात. उभ्या अक्षावर मागणी लिहिलं आहे, तो आकडा कुठल्या रकान्यातून घेतला? या काळात भाव बदलला तो कशामुळे, पावसामुळे, शुल्कामुळे, सणामुळे की बराखी उघडल्यामुळे? आणि हा उतार एका आवाराचा आहे की सगळ्या देशाचा? उत्तर देता आलं नाही तर त्या रेषेवर ठराव होऊ देऊ नये.

आणि बाजार समित्यांकडे एक मागणी करावी, जी फारशी खर्चाची नाही. आवकेचा आकडा आज एकगठ्ठा छापला जातो. व्यापारी माल उचलतो तेव्हा तो कुठे निघाला हे आवारात माहीत असतं, पुण्याच्या मार्केट यार्डात, बाहेरच्या राज्यात, निर्यातीला की साठवणीला. ती नोंद प्रतवारीसकट रोजच्या तक्त्यात यावी. शिरूर, केडगाव, चाकण या तीन ठिकाणी दोन हंगाम जरी हे झालं, आणि सोबत सणसवाडी-रांजणगावसारख्या कामगार वस्त्यांतल्या पाच-पन्नास भाजीवाल्यांकडून रोजचा भाव आणि विक्री लिहून घेतली, तर खाणाऱ्याची मागणी आणि आवारातली खरेदी पहिल्यांदाच वेगवेगळी मोजता येईल. मग आलेल्या उताराला मीही मान देईन, तो ०.३ निघो की आणखी काही.